पिशवी मागवण्याआधी स्लाइड बघा

प्रति,
महाराष्ट्रातले फॅमिली डॉक्टर, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि माझ्यासारखे लॅब चालवणारे सहकारी

स. न. वि. वि.

विनंती एकच आहे, ती आधीच सांगून टाकते. प्लेटलेट्स तीस हजारांच्या खाली आहेत आणि सोबत हिमोग्लोबिनही उतरलंय, असा रुग्ण समोर आला तर प्लेटलेट्सची पिशवी लावण्याआधी लॅबला फोन करा आणि विचारा, ‘याची स्लाइड कुणी डोळ्यांनी बघितली का?’ म्हणजे काचेवर पसरलेलं रक्त मायक्रोस्कोपखाली. मशीनने बघितली ती धरू नका.

पत्र मराठीत आणि चारचौघांत लिहिते आहे, कारण या गोष्टीत डॉक्टरांइतकेच नातेवाईकही असतात. पावसाळा सरत आला की गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘एसडीपी हवी, ग्रुप अमुक, अर्जंट’ असे निरोप फिरू लागतात (एसडीपी म्हणजे एकाच दात्याकडून काढलेल्या प्लेटलेट्स). पपईच्या पानांचा रस निघतो, किवी आणली जाते, शेळीचं दूध शोधलं जातं. ‘पेशी कमी झाल्या’ एवढं ऐकलं की पेशी चढवायच्या, हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं आणि न चढवणारा डॉक्टर त्यांना निष्काळजी वाटतो. हा दबाव काय असतो ते मी रोज बघते, म्हणून आरोप करायला हे पत्र लिहिलेलं नाही. डेंग्यूच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनासुद्धा रक्तस्राव नसेल तर दहा हजारांच्या वर पिशवीची घाई करायला सांगत नाहीत. पण डेंग्यूत एखादी पिशवी जास्तीची लागली तर बहुतेक वेळा पैसे जातात आणि दात्याचा दिवस जातो. मी ज्या आजाराबद्दल लिहिते आहे त्यात त्याहून बरंच काही जाऊ शकतं.

आजार आहे थ्रॉम्बॉटिक थ्रॉम्बोसायटोपेनिक पर्प्युरा, म्हणजे टीटीपी. आपल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून व्हॉन विलेब्रँड फॅक्टर नावाचं प्रथिन लांबच लांब साखळ्यांच्या रूपात बाहेर पडतं आणि ॲडॅम्ट्स-१३ नावाचं एन्झाइम त्या साखळ्या वेळच्या वेळी तोडत राहतं. शरीरानेच या एन्झाइमविरुद्ध अँटिबॉडी तयार केल्या की साखळ्या अखंड राहतात. प्लेटलेट्स त्यांना चिकटत जातात आणि मेंदू, हृदय, मूत्रपिंड यांच्या बारीक वाहिन्यांत गुठळ्या बसतात. रिपोर्टवर प्लेटलेट्स कमी दिसतात त्या तिकडे खर्ची पडल्यामुळे. त्याच अरुंद जागेतून वेगाने जाणाऱ्या तांबड्या पेशी संक्रांतीच्या मांज्यात सापडलेल्या पाखरासारख्या चिरल्या जातात. त्यांचे त्रिकोणी, हेल्मेटच्या आकाराचे तुकडे स्लाइडवर दिसतात, ते शिस्टोसाइट. म्हणजे काउंट रक्तस्रावाचा आणि आजार गुठळ्यांचा, असा हा प्रकार आहे.

उपचार नसेल तर दहातले नऊ रुग्ण दगावतात. वेळेवर उपचार मिळाला तर दहातले आठ-नऊ वाचतात. वैद्यकशास्त्रात इतकी तफावत फार थोड्या आजारांत आहे आणि ती सगळी पहिल्या काही तासांत कोणाला शंका आली की नाही यावर उभी आहे.

आता शंका का येत नाही ते बघू. १९२४ साली न्यूयॉर्कमध्ये एली मॉश्कोविट्झ यांनी १६ वर्षांच्या एका मुलीची हकीकत मांडली, तेव्हापासून हा आजार माहीत आहे. १९६६मध्ये अमोरोसी आणि अल्टमन यांनी तोवरचे रुग्ण गोळा करून पाच लक्षणांची जुडी बांधली: ताप, प्लेटलेट्स कमी, तांबड्या पेशी फुटून झालेला अ‍ॅनिमिया, मेंदूची लक्षणं, किडनीवर परिणाम. आपण सगळ्यांनी ती परीक्षेसाठी घोकली. घोटाळा असा की ती जुडी उपचार नसलेल्या काळातली होती, आजार शेवटाला पोचेपर्यंत बघितलेल्या रुग्णांची. आज पाचही लक्षणं दहातल्या एकाही रुग्णात धड सापडत नाहीत. पाचवं लक्षण उमटेपर्यंत थांबणारा डॉक्टर पुस्तकाप्रमाणे बरोबर असतो आणि रुग्णासाठी उशिरा पोचलेला असतो. प्लेटलेट्स कमी, सोबत तांबड्या पेशी फुटण्याच्या खुणा आणि दुसरं ठोस कारण नाही, एवढ्यावर टीटीपीचा विचार सुरू झाला पाहिजे.

आमच्याकडे आलेली एक बाई सांगते. ओळख पटेल असं काही लिहीत नाही. तिशीतली, शाळेत शिकवणारी. दोन दिवस कणकण, प्लेटलेट्स चौदा हजार, हिमोग्लोबिन साडेसात, डेंग्यूची एनएस-१ चाचणी निगेटिव्ह. चिठ्ठीवर लिहिलेलं होतं, ‘डेंग्यू, रिपीट काउंट’. नवऱ्याने बोलता बोलता सांगितलं, काल रात्री दहा मिनिटं तिची जीभ अडखळत होती, मग आपोआप बरं वाटलं, ‘अशक्तपणा असेल.’ डोळे किंचित पिवळे. स्लाइडवर एकेका फील्डमध्ये तीन-चार तुकडे. पेशी फुटल्या की वाढणारं एलडीएच नेहमीच्या कितीतरी पट, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा पीटी-आयएनआर मात्र नॉर्मल. फिजिशियनना फोन केला तेव्हा पिशवीसाठी दाता निघालेला होता. त्यांनी त्याला परत पाठवलं. त्याच संध्याकाळी तिला मोठ्या शहरात हलवलं आणि रात्री प्लाझ्मा एक्स्चेंज, म्हणजे रक्तातला प्लाझ्मा बदलण्याचा उपचार, सुरू झालं. ती नंतर शाळेत रुजू झाली. यात मी काही दिवे लावलेले नाहीत. त्या दिवशी गर्दी कमी होती म्हणून स्लाइड माझ्या हाताखाली आली, एवढंच.

आणि खरी अडचण तीच आहे, जी आम्हा लॅबवाल्यांची आहे. सेल काउंटर आल्यापासून स्लाइड बनवणं हे ‘मागितलं तर’ या रकान्यात गेलं. सीबीसीच्या दरात मशीनचा कागद हातात द्यायचा आणि पुढचा नंबर घ्यायचा. पण मशीनला शिस्टोसाइट ओळखता येतो असं धरून चालू नका. साध्या मशीनमध्ये तर हे बारीक तुकडे प्लेटलेट्स म्हणून मोजले जातात आणि काउंट खऱ्यापेक्षा बरा दिसतो. उलटंही होतं: जांभळ्या बुचाच्या बाटलीतल्या ईडीटीएमुळे (रक्त गोठू नये म्हणून घातलेलं रसायन) काहींच्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटून गठ्ठे होतात, मशीन दहा हजार सांगतं आणि माणूस ठणठणीत असतो. अशा माणसाला सलाइन लावून झोपवलेलं आहे, हेही घडतं. दोन्ही फसगती पाच मिनिटांच्या स्लाइडने सुटतात. एक काच, थोडा लिशमन स्टेन आणि खुर्चीवर बसायची तयारी, यापलीकडे यात खर्च नाही. रक्तपेशींच्या तपासणीचे निकष ठरवणाऱ्या आयसीएसएच या आंतरराष्ट्रीय मंडळाने २०१२मध्ये साधी रेघ आखून दिली आहे: तांबड्या पेशींत इतर मोठे बिघाड नसताना तुकडे एक टक्क्याच्या वर असतील तर हे सूक्ष्म वाहिन्यांतल्या गुठळ्यांचं लक्षण समजा. असा रिपोर्ट टाइप करून पाकिटात घालून ठेवायचा नसतो. पोटॅशियम सात आलं तर आपण जसा लगेच फोन करतो, तसाच इथेही करायचा.

डेंग्यूपासून वेगळं काढणं बहुतेक वेळा फारसं कठीण नाही, फक्त एकाऐवजी तीन आकडे एकत्र वाचावे लागतात. डेंग्यूत प्लाझ्मा बाहेर झिरपतो, रक्त दाट होतं, हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण, चढतो, पांढऱ्या पेशी उतरतात. टीटीपीत हिमोग्लोबिन उतरतं, रेटिक्युलोसाइट, म्हणजे नुकत्या तयार झालेल्या तांबड्या पेशी, वाढतात, एलडीएच आणि इनडायरेक्ट बिलिरुबिन वर जातं. डीआयसीत, म्हणजे सगळ्या शरीरात रक्त गोठण्याची यंत्रणा बिघडते तेव्हा, पीटी लांबतो, इथे तो बहुधा नॉर्मल राहतो. मलेरियातही प्लेटलेट्स पडतात आणि पेशी फुटतात, पण तो परजीवी त्याच स्लाइडवर दिसतो, म्हणजे स्लाइडचा आणखी एक फायदा.

शंका मोजायला २०१७मध्ये प्लाझ्मिक स्कोअर आला. सात साधे प्रश्न: प्लेटलेट्स तीस हजारांखाली, पेशी फुटण्याचा पुरावा, सध्या कॅन्सर नाही, अवयव किंवा स्टेमसेल प्रत्यारोपण झालेलं नाही, एमसीव्ही (तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान) ९०च्या खाली, आयएनआर १.५च्या खाली, क्रिएटिनिन २च्या खाली. प्रत्येकाला एक गुण. सहा किंवा सात आले तर टीटीपीची शक्यता मोठी. कुठल्याही तालुक्याच्या गावात अर्ध्या दिवसात भरता येईल असा हा तक्ता आहे. मात्र आपल्याकडे तो डोळे मिटून वापरू नये असं माझं मत आहे. निम्म्या बायकांत लोहाची कमतरता असते, त्यामुळे पेशी लहान होतात आणि एमसीव्हीचा गुण फुकट मिळून जातो. आणि दुसरी गल्लत बी-१२ची. पक्के शाकाहारी, कित्येक वर्षं दूधही जेमतेम घेणारे रुग्ण अगदी टीटीपीचं सोंग घेऊन येतात: प्लेटलेट्स कमी, एलडीएच आभाळाला, स्लाइडवर तुकडेसुद्धा. फरक रेटिक्युलोसाइटमध्ये. बी-१२ नसलेला अस्थिमज्जेचा कारखाना बंद असतो, रेटिक वाढलेले नसतात, एमसीव्ही बहुधा मोठा, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींच्या केंद्रकाचे खंड जास्त. यांना प्लाझ्मा एक्स्चेंज करायचं नाही, इंजेक्शन द्यायचं. ही गल्लत होऊ नये म्हणूनही रेटिक काउंट मागवा. आमच्याकडे ती चाचणी धूळ खात पडलेली असते.

आता मार्गदर्शक सूचनांकडे. आयएसटीएच, म्हणजे इंटरनॅशनल सोसायटी ऑन थ्रॉम्बोसिस अँड हिमोस्टॅसिस, या संस्थेने २०२०मध्ये टीटीपीच्या निदान-उपचारांच्या सूचना प्रसिद्ध केल्या. निदानाची खूण ॲडॅम्ट्स-१३ची क्रियाशीलता दहा टक्क्यांच्या खाली असणं. पण त्या सूचनांचा गाभा असा की शंका मोठी असेल तर या रिपोर्टची वाट बघायची नाही. नमुना घ्यायचा आणि प्लाझ्मा एक्स्चेंज व स्टिरॉइड सुरू करायचं. रिपोर्ट ७२ तासांत आला तर उत्तम. वीस टक्क्यांच्या वर आला तर दुसरं निदान शोधा. ब्रिटिश हिमॅटॉलॉजी सोसायटीच्या सूचना वेळेबाबत आणखी कडक आहेत: शक्यतो चार ते आठ तासांत एक्स्चेंज सुरू, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत.

एक्स्चेंजमध्ये रुग्णाचा अँटिबॉडीवाला प्लाझ्मा काढला जातो आणि दात्यांचा, एन्झाइम असलेला प्लाझ्मा घातला जातो. १९९१च्या कॅनडातल्या चाचणीत नुसता प्लाझ्मा चढवलेल्यांतले ६३ टक्के सहा महिन्यांनी जिवंत होते, एक्स्चेंज केलेल्यांतले ७८ टक्के. तेव्हापासून हा उपचार पहिल्या पाटावर आहे. त्या फरकाचा आपल्यासाठी दुसरा अर्थही आहे, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो: नुसत्या प्लाझ्मानेही बरेच जण तगले. म्हणजे एक्स्चेंजची सोय तीन-चार तास लांब असेल तर गाडी येईपर्यंत एफएफपी (दात्याचा गोठवून ठेवलेला प्लाझ्मा) चालू ठेवता येतं. हृदय किती पाणी सोसेल तेवढं बघून, अर्थातच. स्टिरॉइड तर कुठेही देता येतं.

प्लेटलेट्सच्या पिशवीबद्दल प्रामाणिकपणे सांगायचं तर पुरावा एकमुखी नाही. तिच्याने नक्की अपाय होतोच असं जुन्या रुग्णांच्या नोंदी तपासणाऱ्या सगळ्यांना आढळलेलं नाही. पण २०१५मध्ये अमेरिकी रुग्णालयांच्या मोठ्या नोंदींतून टीटीपीत पिशवी लावलेल्या रुग्णांत धमनीतल्या गुठळ्या आणि मृत्यू जास्त दिसले. जीवघेणा रक्तस्राव असेल तरच द्या, नाहीतर नको, यावर आज सर्वसाधारण सहमती आहे. ‘मानेत डायलिसिसची नळी घालायची आहे, चौदा हजारांवर कशी घालू?’ हा प्रश्न दर वेळी येतो. सोनोग्राफीखाली, सरावलेल्या हाताने, पिशवीशिवाय घालतात. तो हात कुणाचा हे मात्र आधी ठाऊक हवं.

एक बारीकशी गोष्ट, जी हमखास चुकते: ॲडॅम्ट्स-१३चा नमुना निळ्या बुचाच्या सायट्रेट बाटलीत घ्यायचा, कुठलाही प्लाझ्मा किंवा पिशवी लावण्याआधी. एकदा दात्याचा प्लाझ्मा शरीरात गेला की रिपोर्टमध्ये दात्याचंच एन्झाइम दिसतं आणि पुढचे डॉक्टर गोंधळतात. तुमच्या गावात ही चाचणी होत नसली तरी बाटली भरून लॅबला द्या. आम्ही प्लाझ्मा वेगळा करून गोठवून ठेवू, तो रुग्णासोबत बर्फात जाईल. ईडीटीए चालत नाही, जांभळी बाटली पाठवू नका.

कॅप्लासिझुमॅब या नव्या औषधाविषयी विचारणा होते. ते प्लेटलेट्सना व्हॉन विलेब्रँड फॅक्टरला चिकटू देत नाही. काउंट लवकर सावरतो. युरोपात २०१८मध्ये आणि अमेरिकेत २०१९मध्ये त्याला परवानगी मिळाली. किंमत आपल्याकडच्या जवळजवळ कुठल्याही घराला झेपणारी नाही. आयएसटीएचची शिफारसही सशर्त आहे आणि ॲडॅम्ट्स-१३ तपासायची सोय नसेल तर ते वापरू नका असंच ती सांगते. तेव्हा त्याच्या नावाने निराश होऊ नका. रुग्ण वाचवणाऱ्या गोष्टी म्हणजे प्लाझ्मा, स्टिरॉइड आणि अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींना आवरणारं रिटुक्सिमॅब, आणि रिटुक्सिमॅबची भारतीय बनावट २००७पासून मिळते.

अडतं कुठे, तर मशीन कुठे आहे यावर. साठ किलोच्या माणसाला एका एक्स्चेंजला साधारण अडीच-तीन लिटर प्लाझ्मा, म्हणजे एफएफपीच्या बारा-पंधरा पिशव्या. हे रोज, काउंट दीड लाखाच्या वर जाऊन दोन दिवस टिकेपर्यंत. जिल्ह्यात अफेरेसिसचं, म्हणजे रक्तातले घटक वेगळे काढणारं, मशीन कोणाकडे आहे, डायलिसिस युनिटमध्ये मेंब्रेनवर प्लाझ्मा एक्स्चेंज कोण करतं, रविवारी रात्री कोण उचलतं फोन, एवढ्या पिशव्या कुठली रक्तपेढी देऊ शकते: ही यादी बहुतेक जिल्ह्यांत कोणाच्याच टेबलावर नाही. गरज पडली की शोधाशोध सुरू होते आणि चार तास त्यातच संपतात. आयएमएच्या (इंडियन मेडिकल असोसिएशन) प्रत्येक शाखेला माझी विनंती आहे, पुढच्या मासिक बैठकीत एखादं व्याख्यान कमी ठेवा आणि ही यादी करा. पाश्चात्त्य देशांच्या नोंदींत वर्षाला दर दहा लाखांत दोन ते सहा रुग्ण सापडतात. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. त्याच दराने धरलं तर दर वर्षी राज्यात काही शे माणसं या वाटेने जात असणार. ती कोणत्या निदानाखाली नोंदली जातात, हा प्रश्न मला डेंग्यूच्या दिवसांत छळतो.

स्त्रीरोगतज्ज्ञ मंडळींसाठी वेगळं लिहायला हवं. गरोदरपण हे टीटीपी उफाळण्याचं एक ठळक निमित्त आहे आणि तिथे ते हेल्प सिंड्रोमच्या (गरोदरपणात पेशी फुटणं, यकृताची एन्झाइम वाढणं आणि प्लेटलेट्स कमी होणं) आडोशाला लपतं. बीपी फार चढलेलं नाही, यकृताची एन्झाइम माफक वाढलेली, पण प्लेटलेट्स तळाला. किंवा बाळंतपणाला तीन दिवस झाले तरी काउंट वर यायचं नाव नाही, तर स्लाइड मागवा. काहींना हा आजार जन्मजात असतो, अपशॉ-शुल्मन सिंड्रोम या नावाने. आई-वडील दोघांकडून दोष आला की होतो. आपल्या दक्षिणेकडच्या आणि मराठवाड्यातल्या जिल्ह्यांत मामाच्या मुलीशी किंवा मामाशी लग्नं अजून होतात, तेव्हा हे प्रकरण कागदावरचं नाही. जन्मताच कावीळ होऊन रक्त बदलावं लागलेली मुलगी पुढे पहिल्या बाळंतपणात अशी कोसळते. अशांना नियमित प्लाझ्मा देऊन पुढचं बाळंतपण सुखरूप होऊ शकतं. अमेरिकेत नोव्हेंबर २०२३पासून प्रयोगशाळेत बनवलेलं एन्झाइमही मिळू लागलं आहे.

आणि ज्यांना तुम्ही वाचवाल, त्यांना ‘आता बरं झालं’ म्हणून सोडू नका. अँटिबॉडीमुळे होणारा टीटीपी पुष्कळांत उलटतो. बरं वाटत असतानाही ठरावीक काळाने ॲडॅम्ट्स-१३ तपासलं आणि ते घसरताना दिसलं तर रिटुक्सिमॅब देऊन पुढचा झटका टाळता येतो. आयएसटीएचच्या सूचनांत हेही आहे. डिस्चार्ज कार्डावर मोठ्या अक्षरात, मराठीत लिहा: ‘या व्यक्तीला टीटीपी होऊन गेला आहे. ताप आला आणि प्लेटलेट्स कमी दिसल्या तर डेंग्यू समजू नये. प्लेटलेट्स लावण्याआधी या नंबरवर बोलावं.’ खाली तुमचा नंबर द्या. आमच्याकडच्या त्या शिक्षिकेच्या पर्समध्ये तसं कार्ड आहे आणि पुढच्याच वर्षी तिला खरोखरचा डेंग्यू झाला तेव्हा ते उपयोगी पडलं: स्लाइडवर एकही तुकडा नव्हता, एलडीएच थोडंसंच वाढलेलं होतं, आणि चार दिवसांत काउंट आपोआप वर आला.

शंकेची स्लाइड असेल तर मोबाइलचा कॅमेरा मायक्रोस्कोपच्या डोळ्याला लावून फोटो काढा आणि ओळखीच्या पॅथॉलॉजिस्टला पाठवा, रात्री असली तरी. आमच्यातले बहुतेक जण उत्तर देतात.

आपली,
तालुक्याच्या गावातली एक पॅथॉलॉजिस्ट